टोपलीतला लाभांश

महिन्याला साडेसातशे रुपये. मला एवढंच हवं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे श्रीरामपुरात माझ्याविषयी जे बोललं गेलं त्यात कुणी लाख घातले, कुणी कोटी घातले, आणि आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका गृहस्थांनी तर मी मुंबईच्या शेअर बाजारात बसायला जागा विकत घेतली असं ठासून सांगितलं. मला कुठलीही जागा नको होती. स्कूटरचं पेट्रोल, रोजचं वर्तमानपत्र, महिन्याची कटिंग आणि रविवारी चर्चमध्ये टाकायचं दान, एवढं स्वतःच्या मिळकतीतून व्हावं, इतकीच माझी महत्त्वाकांक्षा होती.

मी शांतवन अमोलिक. एका खासगी विनाअनुदानित शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. अशा शाळेतून निवृत्त होताना शाल, नारळ आणि प्रॉव्हिडंट फंड मिळतो, पेन्शन मिळत नाही. माझी पत्नी दया सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाली. तिला पेन्शन मिळते. महिना लागला की ती माझ्या चष्म्याच्या घरात दोन हजार रुपये घडी करून ठेवते आणि काहीही न बोलता भाजी निवडायला बसते. तिनं तीन वर्षांत एका शब्दानं बोलून दाखवलेलं नाही. खरा त्रास तोच होता. बोलून दाखवलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

फंडातले तीन लाख शिल्लक होते. त्यांचं काय करावं याचा विषय मी एका सकाळी चहा घेताना काढला.

"पोस्टात टाका," दया म्हणाली. "तीन महिन्यांनी व्याज येतं. सगळे टाकतात."

"पोस्टात पैसे ठेवणं म्हणजे पैशांना वृद्धाश्रमात ठेवण्यासारखं आहे," मी म्हणालो. हे वाक्य मला त्या वेळी फार चांगलं वाटलं होतं.

"बरं," असं म्हणून ती उठली. दयाचं 'बरं' हे इतर बायकांच्या तासाभराच्या भाषणाएवढं असतं.

मी पोस्टाच्या पुढे गेलो होतो, त्याचं कारण मोबाईलवर पाहिलेला एक व्हिडिओ. त्यात एक गोरागोमटा तरुण सांगत होता की चांगल्या कंपन्या दरवर्षी आपल्या नफ्यातला वाटा भागधारकांना देतात, त्याला लाभांश म्हणतात. अशा भरघोस लाभांश देणाऱ्या पन्नास कंपन्या एकाच टोपलीत घातल्या की झाला एक फंड, ज्याला ईटीएफ म्हणतात. ही टोपली शेअरसारखी बाजारात विकत घ्यायची. कंपन्या राबतात, आपण घरी बसतो. वर्षाला सुमारे तीन टक्के लाभांश, आणि वर टोपलीची किंमत वाढते ती वेगळीच. तीन लाखांचे तीन टक्के नऊ हजार, भागिले बारा, साडेसातशे. गणित इतकं तंतोतंत बसलं की मला त्यात परमेश्वराचा हात दिसला.

निवड करायला मी तीन आठवडे घेतले. भूगोलाचा शिक्षक असल्यामुळे मला तक्ता काढल्याशिवाय कुठलीच गोष्ट खरी वाटत नाही. दोनशे पानी वही आणली, रंगीत पेन्सिली आणल्या. फंड चालवायचा खर्च किती, टोपलीत बँका किती, तेलाच्या कंपन्या किती, कोळसा किती, रोज किती जण घेतात-विकतात, सगळं वेगवेगळ्या रंगांत भरलं. खनिज संपत्तीला तपकिरी. शेवटी दोन टोपल्या उरल्या. खर्च सारखा, कंपन्या बऱ्याचशा त्याच. मी जिच्या नावात 'लाभांश' हा शब्द आधी येत होता ती निवडली. इतक्या अभ्यासानंतर निर्णय अशा आधारावर झाला, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

आता खातं उघडायचं होतं. बसस्टँडजवळ खताच्या दुकानाच्या माडीवर कानिफनाथ वाघ यांचं शेअरचं ऑफिस आहे. जिना चढताना युरियाचा वास येतो आणि वर गेल्यावर तीन टीव्ही दिसतात. कानिफनाथांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि विचारलं, "सरांना काय पाहिजे? रोजचं इन्कम पाहिजे का? ऑप्शनमध्ये आहे."

"मला वर्षाचं तीन टक्के पाहिजे," मी म्हणालो.

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. त्यांच्या माडीवर इतकं कमी मागायला आजवर कुणी आलं नसावं. "सर, तीन टक्क्यांसाठी माझ्याकडे कशाला? पतसंस्थेत एफडी करा, आठ टक्के देतात."

"मला वाढही हवी आहे," मी म्हणालो, आणि वही उघडून तक्ता दाखवला. त्यांनी तो आदरानं पाहिला. विशेषतः तपकिरी भाग. मग त्यांनी माझी कागदपत्रं मागितली आणि तिथून पुढे महिनाभर माझी अब्रू माझ्या हातात राहिली नाही.

त्रेसष्ट वर्षं मी एकच माणूस आहे अशा समजुतीत होतो. कानिफनाथांच्या कॉम्प्युटरनं सांगितलं की मी तीन आहे. आधारवर मी शांतवन योहान अमोलिक. पॅनवर इंग्रजीत माझ्या नावात एक 'ए' जास्त आणि वडील गायब. बँकेच्या पासबुकावर अमोलिक एस. वाय. तिघांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे यंत्राला पटेना. मी बँकेत गेलो. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, पॅन बदला. पॅनचं काम करणाऱ्यांनी सांगितलं, आधी आधार नीट आहे का बघा. आधारवाल्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, आधार बरोबरच आहे, बँकेनं चूक केली असणार. मी पुन्हा बँकेत गेलो तेव्हा बाई जेवायला गेल्या होत्या.

शेवटी पॅन दुरुस्त झालं. मग जिल्ह्याची पाळी आली. माझ्या कागदांवर अहमदनगर, फॉर्मच्या यादीत अहिल्यानगर. मी एकतीस वर्षं ज्या जिल्ह्याचा नकाशा फळ्यावर काढला, त्या जिल्ह्यात मी राहतो हे सिद्ध करायला मला विजेचं बिल जोडावं लागलं. वीजजोडणी दयाच्या नावावर असल्यामुळे दयाशी माझं लग्न झालं आहे हेही सिद्ध करावं लागलं. पाद्रीसाहेबांकडून लग्नाचा दाखला काढून आणला. पाद्रीसाहेबांनी विचारलं, "शांतवन, घरी सगळं बरं आहे ना?"

सगळ्यात शेवटी चेहऱ्याची पडताळणी होती. मोबाईल समोर धरायचा आणि तो सांगेल तसं करायचं. घरात उजेड कमी पडत होता म्हणून मी गच्चीवर गेलो. मोबाईल म्हणाला, डोळे मिचकावा. मी मिचकावले. पुन्हा मिचकावा. पुन्हा मिचकावले. चेहरा उजवीकडे वळवा. वळवला. हसा. हसलो. हसणं पुरेसं नव्हतं, म्हणून आणखी हसलो. उजवीकडच्या गच्चीवर आमच्या शेजारच्या सविताताई बोरुडे कुरडया वाळत घालत होत्या. त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत उभ्या होत्या हे मला पडताळणी पूर्ण झाल्यावर कळलं. त्या पाट तसाच टाकून खाली गेल्या.

दहा मिनिटांत त्यांचे यजमान रंगनाथराव आमच्या दारात हजर झाले. रंगनाथराव बोरुडे म्हणजे आमचा बावीस वर्षांचा शेजार. त्यांनी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर केली. उसाची बैलगाडी असो की माणसाचं बोलणं, तोलून पाहिल्याशिवाय त्यांनी काही मान्य केलेलं नाही.

ते बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "अमोलिक सर, आपले संबंध चांगले आहेत."

"आहेतच," मी म्हणालो.

"मग गच्चीवर हे काय?"

मी शरमेनं अर्धा झालो. दयानं स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि ती पुन्हा आत गेली. आतून भांड्यांचा आवाज मुळीच येत नव्हता, म्हणजे ती हसत होती. मी मोबाईल दाखवला, वही दाखवली, पन्नास कंपन्या दाखवल्या. माझी अब्रू वाचवण्यासाठी मी इतकं जीव तोडून समजावलं की तासाभरानं रंगनाथराव डोळे मिचकावण्याचा विषय साफ विसरले.

"म्हणजे लाभांश आपल्याला येतो," ते म्हणाले.

"येतो."

"कुणाला विचारायला नको, कुणापुढं हात पसरायला नको."

"मुळीच नको."

ते बराच वेळ तक्त्यातल्या बँकांच्या निळ्या रंगाकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पतसंस्थेतली दोन लाखांची एफडी मोडली. मुदतीआधी मोडली म्हणून व्याजही कापलं गेलं. वजनकाट्यावरचा माणूस माझ्या शब्दावर, न तोलता, दोन लाख घेऊन निघाला. मला त्याचा अभिमान वाटला. आता त्या अभिमानाची आठवण झाली की मी कुशीवर वळतो.

फेब्रुवारीत आम्ही दोघांनी एकाच दिवशी, कानिफनाथांच्या माडीवर बसून, टोपल्या घेतल्या. ही बातमी ज्येष्ठ नागरिक संघात पोचायला दोन दिवस लागले. संघाच्या अध्यक्षांनी मला 'स्थिर उत्पन्नाचा आधुनिक मार्ग' या विषयावर व्याख्यानाला बोलावलं. शिक्षकाला फळा दिसला की त्याचं वय कमी होतं. मी पन्नास मिनिटं बोललो. फळ्यावर टोपली काढली, तिच्यात कोळसा, तेल, सिमेंट भरलं, आणि टोपलीतून श्रीरामपूरकडे येणारा एक जाड बाण काढला. त्या बाणावर 'लाभांश' असं लिहिलं. सत्तावीस श्रोते होते. पाच झोपले होते, हे मी प्रामाणिकपणे मोजलं आहे. शेवटी मी म्हणालो, "रंगनाथराव बोरुडेही या मार्गावर आहेत," आणि रंगनाथराव उभे राहिले आणि त्यांनी सर्वांना नमस्कार केला. टाळ्या पडल्या. झोपलेल्यांनीही वाजवल्या.

मग आम्ही वाट पाहायला लागलो.

मार्च गेला. मी म्हणालो, वर्ष संपायला हवं. एप्रिल गेला. मी म्हणालो, हिशेब तपासले जातात. मे महिन्यात मी कंपन्यांच्या वार्षिक सभांविषयी सांगितलं. रंगनाथराव रोज सकाळी फिरून येताना आमच्या फाटकाशी थांबायचे आणि फक्त दोन शब्द विचारायचे, "आला का?" आधी ते हसत विचारायचे. जूनमध्ये हसणं थांबलं. जुलैत माझ्या मदतीला त्यांनी स्वतःच एक कारण शोधलं. "सर, हे पाटाच्या आवर्तनासारखं असेल," ते म्हणाले. "धरणातून पाणी सुटलं तरी आपल्या शेताच्या चारीला पोचायला दिवस लागतात." मला हे इतकं आवडलं की मी ते आणखी चौघांना माझं म्हणून सांगितलं.

ऑगस्ट संपत आला तेव्हा मी सकाळी फाटकाकडची खिडकी बंद ठेवू लागलो. दयानं एकदा विचारलं, "वारा लागतोय का?" मी हो म्हणालो. त्या आठवड्यात श्रीरामपुरात पान हलत नव्हतं.

अशात एका दुपारी राधाकृष्णभाऊ आले. हे पुणतांब्याचे बागाईतदार. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी होती, तेव्हापासूनची ओळख. बाजारात पेरू घालून आले की ते एक पिशवी आमच्याकडे टाकतात आणि चहा घेऊन जातात. गप्पांत माझ्या टोपलीचा विषय निघाला. खरं म्हणजे मीच काढला, कारण ज्याला अजून माहीत नाही असा श्रोता आता गावात उरला नव्हता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, येक इचारू का? मला ह्यातलं काय कळत न्हाई."

"विचारा की."

"त्या पन्नास कंपन्या पैसं देत्यात म्हनता. ते पैसं तुमच्या हातात येत्यात, का त्या टोपलीतच ऱ्हात्यात?"

"म्हणजे?"

"न्हाई, आमच्याकडं व्यापारी बाग घेतो ना, तवा आमी आधी हेच इचारतो. पैसं रोख देनार, का पुढच्या मालात धरनार? दोन्ही बरुबरच हाय. पन आधी इचारलेलं लई बरं असतं."

मी हसलो. एकतीस वर्षं वर्गात अवघड प्रश्न आला की मी असाच हसायचो आणि पुढच्या धड्याकडे वळायचो. पण राधाकृष्णभाऊ गेल्यावर मी वही उघडली. दोनशे पानं, अकरा रंग, आणि हा एक रकाना कुठेच नव्हता.

मी फंडाच्या मदत क्रमांकावर फोन लावला. चोवीस मिनिटं सनई ऐकली. मग एक अतिशय नम्र मुलगी बोलायला आली.

"मला लाभांश आलेला नाही," मी म्हणालो.

"सर, या योजनेत लाभांश वाटप होत नाही. कंपन्यांकडून आलेला लाभांश फंडातच पुन्हा गुंतवला जातो. त्यामुळे आपल्या युनिटची किंमत वाढते, सर."

"पण नावात लाभांश आहे."

"हो सर. तो कंपन्यांचा आहे."

"कंपन्यांनी कुणाला दिला?"

"फंडाला, सर."

"आणि फंडानं कुणाला दिला?"

"फंडानं ठेवून घेतला, सर. आपल्याच फायद्यासाठी. योजनेच्या माहितीपत्रकात पान बेचाळीसवर आहे. आणखी काही मदत करू शकते का?"

मी नाही म्हणालो. तिनं मला शुभ दिवस चिंतला. तिचा आवाज इतका गोड होता की तिच्यावर चिडताही आलं नाही. म्हणजे तेही सुख नाही. मी पान बेचाळीस काढलं. होतं. बारीक अक्षरात, पण स्पष्ट मराठीलाही लाजवेल अशा सोप्या इंग्रजीत होतं.

पैसे बुडाले नव्हते, हे नीट समजून घ्या. उलट तीन लाखांचे तीन लाख अकरा हजार झाले होते. पण ते अकरा हजार टोपलीत बसले होते आणि माझ्या स्कूटरची टाकी रिकामी होती. आणि फाटकापलीकडे रंगनाथराव होते.

त्या संध्याकाळी मी दयाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडी ठेवली आणि स्वतःच फाटकाशी जाऊन उभा राहिलो. रंगनाथराव आले. त्यांनी विचारायच्या आत मी म्हणालो, "रंगनाथराव, तो येणार नाही. कधीच येणार नव्हता. मी नीट वाचलं नाही. चूक माझी आहे."

त्यांनी माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. एकदा काठी या हातातून त्या हातात घेतली. "बरं," एवढं म्हणून ते चालू लागले. आजवर मला दयाच्या 'बरं'चाच अनुभव होता. हे त्याहून जड होतं.

शनिवारी ज्येष्ठ नागरिक संघात मी हात वर करून परवानगी मागितली आणि उभं राहून सगळं सांगितलं. फळ्यावरचा बाण चुकीचा होता, तो टोपलीतून बाहेर येत नाही, गोल फिरून टोपलीतच जातो, असं काढून दाखवलं. एक आजोबा म्हणाले, "मग स्थिर उत्पन्न कुणाला मिळतं?" मी म्हणालो, "टोपलीला." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. यावेळी कुणी झोपलंही नव्हतं. रंगनाथरावांची खुर्ची रिकामी होती.

ते त्यानंतर आठ दिवस फाटकाशी थांबले नाहीत. फिरायला जायचा रस्ताच त्यांनी बदलला. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्यांच्या मुलीच्या लग्नात आमंत्रण पत्रिकेवर माझं नाव प्रेषक म्हणून छापलं होतं, दयाच्या ऑपरेशनच्या वेळी ते नगरला दवाखान्यात तीन रात्री बाकावर झोपले होते. मी दयाला शेवटी सगळं सांगितलं. ती माझ्यावर रागावली नाही. "तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. "पैशांचं नसणार ते. दोन लाखांसाठी रस्ता बदलणारा माणूस नाही तो."

मी गेलो. सविताताईंनी दार उघडलं. रंगनाथराव खाटेवर बसले होते. मी समोरच्या खुर्चीत बसलो. दोघंही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो.

"रंगनाथराव, तुमची एफडी मोडली, व्याज गेलं, ते मी भरून देतो," मी म्हणालो.

"व्याजाचं सोडा हो," ते म्हणाले. मग सविताताई आत गेल्याची खात्री करून अगदी हळू म्हणाले, "आमचा करण दर महिन्याला पाच हजार पाठवायचा पुण्याहून. फेब्रुवारीत मी त्याला फोन केला. म्हटलं, आता पाठवू नकोस. तुझ्या बापाची मिळकत सुरू झाली. रुबाबात सांगितलं. सहा महिने झाले. आता कुठल्या तोंडानं फोन करू?"

मला माझं चष्म्याचं घर आठवलं. हा माणूस मला मुलगा पैसे पाठवतो असं बावीस वर्षांत कधी बोलला नव्हता. मीही दयाविषयी कधी बोललो नव्हतो. आम्ही रोज सकाळी फाटकाशी उभं राहून राजकारण, ऊस आणि गुडघे यांच्यावर बोलत होतो.

"मला बायको देते," मी म्हणालो. "दर एक तारखेला. मी तेवढ्यासाठीच केलं हे सगळं."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"सहा महिने घर कसं चाललं मग?" मी विचारलं.

"तेच कळत नाही," ते म्हणाले. "सविता म्हणते, काटकसर करते."

सविताताई चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी दाराआडून सगळं ऐकलेलं होतं आणि ते लपवायची त्यांना काही गरजही वाटत नव्हती. "कसली काटकसर," त्या म्हणाल्या. "करणनं तुमचा फोन ठेवला आणि लगेच मला केला. पैसे माझ्या खात्यावर येतात. सहा महिने येतायत. तो म्हणाला, दादांना सांगू नको, त्यांना बरं वाटू दे."

रंगनाथराव कप हातात धरून बसून राहिले. वजनकाट्यावरून सहा महिने गाडी जात होती आणि काट्यावरच्या माणसाला पत्ता नव्हता. मला वाटलं ते चिडतील. पण त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवण्यासाठी त्यांनी चहा इतका गरम घेतला की त्यांना ठसका लागला. मी पाठीवर थोपटलं. सविताताईंनी पाणी दिलं. ठसका थांबला तेव्हा ते म्हणाले, "पोरगं बापावर गेलं नाही. शहाणं आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पुन्हा युरियाचा जिना चढलो. कानिफनाथांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, आधी का नाही आलात? लाभांश देत नसेल तर थोडी थोडी युनिटं विका. महिन्याला लागतील तेवढी. तेच तुमचं उत्पन्न."

"म्हणजे टोपलीच खायची," रंगनाथराव म्हणाले.

"वाढलेली खायची. मूळ ठेवायची. वाढली नाही त्या महिन्यात थांबायचं."

रंगनाथरावांना हे पटायला एक तास लागला. त्यांनी कानिफनाथांच्या कॅल्क्युलेटरवर चार वेळा आकडे तोलले. मी मात्र अर्धी टोपली विकून पैसे सरळ पोस्टात नेऊन टाकले. दया माझ्याबरोबर पोस्टात आली होती. वृद्धाश्रमाविषयी ती एक अक्षर बोलली नाही. फॉर्मवर वारस म्हणून सही करताना तिनं फक्त पेन जरा जास्त वेळ धरलं. रंगनाथरावांनी एक लाखाची नवी एफडी केली आणि बाकीची टोपली राहू दिली.

उरलेल्या टोपलीतली पहिली युनिटं आम्ही एका सोमवारी विकली. विकताना मोबाईलनं मला तीन वेळा विचारलं की मी खरंच मीच आहे का. गुरुवारी पैसे बँकेत आले. सातशे शेहेचाळीस रुपये. साडेसातशेला चार कमी.

संध्याकाळी मी दयाला म्हणालो, "चल, बाहेर खाऊ." रंगनाथराव आणि सविताताईंनाही घेतलं. मेन रोडला एक नवीन हॉटेल निघालंय, तिथं गेलो. रंगनाथरावांनी डोसा मागवला आणि तो ताटाबाहेर येतो म्हणून काळजीत पडले. सविताताईंनी करणला फोन लावून दिला. रंगनाथराव सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, "मला कळलं सगळं. पाठव तू, पण आता माझ्याच खात्यावर पाठव. तुझ्या आईच्या पासबुकात मला बघायला मिळत नाही." पलीकडून करण काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण रंगनाथराव बराच वेळ नुसतं "हां, हां" म्हणत होते आणि टेबलावरचं मीठ बोटानं गोळा करत होते.

बिल आलं. सहाशे दहा. वेटरनं ते सवयीनं टेबलाच्या मधोमध ठेवलं. मी हात पुढे केला. दयाचाही हात त्याच वेळी पर्सकडे गेला होता. तो तिथंच थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पर्सची चेन हळूच लावली, पर्स मांडीवरून काढून पलीकडे खुर्चीवर ठेवली, आणि सविताताईंकडे वळून विचारलं, "उद्या बाजाराला किती वाजता निघायचं?"